‘अभाव’ कशाचा आणि कोठे? : मेदाम्लांचा चयापचय, प्राणिप्रयोग आणि ‘इसब’ ही संज्ञा

कथा, कविता, नाटक ह्यांच्या भाषेची चिकित्सा करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. शास्त्रीय निबंधाच्या भाषेकडे मात्र आपण परिभाषेच्या प्रश्नापुरतेच पाहतो. इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द कोणता, एवढे ठरले की भाषाभ्यासकाला आपले काम संपले असे वाटते, आणि प्रतिशब्द हाती आला की वैज्ञानिकाचेही समाधान होते. वस्तुतः संज्ञा म्हणजे वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. एका निबंधातून दुसऱ्या निबंधात जाताना ती जुना अर्थ बरोबर नेते, वाटेत नवा उचलते, आणि प्रयोगाने जे सिद्ध झालेले नसते ते कित्येकदा नावाच्या जोरावर सिद्ध झाल्यासारखे दिसू लागते. अशा एका संज्ञासमूहाचा विचार येथे करावयाचा आहे. मेदाम्लांचा चयापचय आणि इसब ह्यांच्या संबंधाविषयी १९२९ पासून जी निबंधपरंपरा निर्माण झाली, तिच्यातील ‘आवश्यक’, ‘अभाव’, ‘इसब’ आणि ‘नमुना’ ह्या चार शब्दांनी किती काम केले आणि किती घोटाळा केला, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. प्रयोगांच्या तंत्राविषयी प्रस्तुत लेखकास काही म्हणावयाचे नाही. प्रयोगावरून जे विधान केले जाते त्याच्या शब्दयोजनेविषयी म्हणावयाचे आहे.

ह्या परंपरेतील पहिला निबंध जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर ह्या दांपत्याचा. मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दूध सुटलेल्या पांढऱ्या उंदरांना स्निग्ध पदार्थ जवळजवळ पूर्णपणे वगळलेले खाद्य दिले. शुद्ध साखर, शुद्ध केसीन, क्षार आणि ज्ञात जीवनसत्त्वे एवढेच त्यात होते. काही आठवड्यांनी उंदरांच्या शेपटीवर खवले दिसू लागले, मागचे पाय लाल होऊन सुजले, केस गळले, वाढ खुंटली, मूत्रात रक्त आले. उंदीर पाणी पुष्कळ पीत. त्या मानाने मूत्र मात्र वाढत नसे. खाद्यात थोडीशी चरबी घातली की ही लक्षणे मागे हटत. १९३० च्या दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखविले की हा गुण सर्व चरबीचा नसून लिनोलेइक आम्लाचा आहे.

गद्य म्हणून पाहिले तर १९२९ चा निबंध ह्या परंपरेत सर्वांत सरस आहे, असे माझे मत आहे. त्याच्या शीर्षकात ‘अभावजन्य नवा रोग’ असा निर्देश आहे. परंतु त्या रोगाला माणसाच्या कोणत्याही रोगाचे नाव लेखकांनी लावलेले नाही. शेपटीला शेपटी, खवल्याला खवला आणि अधिक प्यालेल्या पाण्याला अधिक प्यालेले पाणीच म्हटले आहे. ह्या संयमाचे फळ पुढे मिळाले. पाणी जास्त आणि मूत्र तेवढेच, मग उरलेले पाणी जाते कोठे, हा प्रश्न वर्णनात जसाच्या तसा शिल्लक राहिला. १९५० च्या दशकात त्याचे उत्तर सापडले ते असे की ते त्वचेतून बाष्परूपाने जाते. लिनोलेइक आम्लाच्या अभावी त्वचेच्या वरच्या थराचा जलरोधकपणा नाहीसा होतो. वर्णन करतानाच ‘इसब’ म्हणून मोकळे झाले असते, तर पाणी पिण्याची ती नोंद किरकोळ म्हणून बाजूला पडली असती.

‘इसब’ हा शब्द आला तो १९३० च्या दशकात, आणि तोही त्याच विद्यापीठातून. आरिल्ड हॅन्सन ह्या बालरोगतज्ज्ञाला इसब झालेल्या तान्ह्या मुलांच्या रक्तरसातील स्निग्ध द्रव्यांचा आयोडीन-अंक, म्हणजे त्यांच्या असंपृक्ततेचे माप, कमी आढळला. उंदराच्या त्वचेचा विकार लिनोलेइक आम्लाने बरा होतो. मुलांच्या रक्तात असंपृक्त आम्ले कमी आहेत. तेव्हा मुलांचा विकार त्याच जातीचा असावा, हे अनुमान त्या काळी सुचणे स्वाभाविक होते. मुलांना मक्याचे तेल, जवसाचे तेल देण्यात आले. काहींना गुण आल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. इतरांचे अनुभव तितके अनुकूल नव्हते. दरम्यान १९३८ मध्ये ह्याच गटाने एक विलक्षण निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील विल्यम ब्राऊन ह्या प्रौढ संशोधकाने सहा महिने जवळजवळ स्निग्धरहित आहार घेतला होता. त्याच्या रक्तातील लिनोलेइक आम्ल कमी झाले, परंतु त्वचेला काहीही झाले नाही. उलट त्याची जुनी अर्धशिशी थांबली! प्रौढ शरीराच्या चरबीत ह्या आम्लाचा मोठा साठा असतो, नुकत्याच दूध सुटलेल्या उंदरात तो नसतो, हा खुलासा आता सर्वमान्य आहे. पण रक्तातील न्यूनता आणि त्वचेचा विकार ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे त्या निबंधाने तेव्हाच दाखविले होते. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, ह्याचे एक कारण ‘डेफिशियन्सी’ हा शब्द दोन्ही ठिकाणी तोच होता.

येथे आपल्या दर्शनपरंपरेतील एक शिस्त उपयोगी पडते. न्याय-वैशेषिकांनी अभावाला पदार्थाचा दर्जा दिला, पण त्याबरोबर एक अटही घातली. अभाव म्हटला की त्याचा प्रतियोगी सांगितला पाहिजे, आणि अधिकरणही सांगितले पाहिजे. ‘अभाव आहे’ एवढे वाक्य अपुरे आहे. ‘भूतलावर घटाचा अभाव आहे’ असे म्हटल्यावर ते पुरे होते. ही कसोटी लावून पाहिली तर बर ह्यांच्या निबंधातील प्रतियोगी लिनोलेइक आम्ल आणि अधिकरण उंदराचे खाद्य. हॅन्सन ह्यांच्या निबंधातील प्रतियोगी असंपृक्त आम्लांचा एकूण समूह आणि अधिकरण मुलाचा रक्तरस. दोन अभावांत प्रतियोगीही एक नाही आणि अधिकरणही एक नाही. शब्द तेवढा एक आहे.

‘इसब’ ह्या दुसऱ्या शब्दाचीही हीच गत. ‘एक्झिमा’ हा ग्रीक शब्द उकळून बाहेर येणे ह्या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. स्रवणारी, फोड येऊन ओली झालेली त्वचा हे त्यामागचे मूळ चित्र. आयुर्वेदात क्षुद्रकुष्ठांत गणलेल्या विचर्चिकेच्या वर्णनातही कंडू आणि स्राव ही लक्षणे येतात. मराठी बोलीत ओला इसब आणि कोरडा इसब असा भेद करतात, पण खाज दोन्हीकडे गृहीत असते. आधुनिक वैद्यकात ज्याला अ‍ॅटोपिक त्वचादाह म्हणतात त्याचे जे निकष हॅनिफिन आणि रायका ह्यांनी १९८० मध्ये मांडले त्यांतही खाज पहिल्या पंक्तीत आहे. (जाता जाता : ‘अ‍ॅटोपी’ हा शब्द १९२३ मध्ये कोका आणि कुक ह्यांना कोलंबिया विद्यापीठातील एडवर्ड पेरी ह्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाने सुचविला. ‘अस्थानी’, ‘विचित्र’ हा त्याचा मूळ अर्थ. वैद्यकाने भाषापंडिताचा सल्ला घेतल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.) बर ह्यांचा उंदीर कोरडा आणि खवलेदार आहे; त्याला खाज होती की नाही हे त्याला विचारता येत नाही. मराठीत ‘खाज’ आणि ‘खाजवणे’ असे दोन शब्द आहेत. पहिला वेदनेचा, दुसरा क्रियेचा. प्रयोगशाळेत मोजता येते ते खाजवणे. निबंधात लिहिली जाते ती खाज.

माणसात उंदराच्या रोगाचा खरा जोडीदार सापडला तो इसबाच्या दालनात नव्हे. हॅन्सन ह्यांनीच पुढे टेक्सासमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण बदलून मोठा अभ्यास केला. १९६३ मध्ये ४२८ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ह्या आम्लापासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ०.१ टक्क्याहूनही कमी होती त्यांची त्वचा कोरडी व खवलेदार झाली, आणि आम्ल देताच ती सुधारली. त्यानंतर १९७० च्या दशकात केवळ शिरेतून स्निग्धरहित पोषण घेणाऱ्या रुग्णांत हाच विकार दिसला. सतत जाणाऱ्या ग्लुकोजमुळे शरीरातील चरबीचा साठा बाहेर पडत नाही, म्हणून प्रौढातही काही आठवड्यांत अभाव निर्माण होतो. अशा रुग्णांच्या त्वचेवर नुसते सूर्यफुलाचे तेल चोळल्याने लक्षणे हटल्याचे १९७४ मध्ये नोंदविले गेले. बर ह्यांच्या उंदराचे मानवी रूप ते हेच. त्याला इसब म्हणण्याची गरज कोणास भासली नाही. आपल्याकडील रोजच्या जेवणात, करडईचे तेल तर सोडाच, ज्वारीच्या भाकरीतूनही हे आम्ल पोटात जाते. त्यामुळे आहारातील अभावाने आपल्याकडे कोणास इसब होत असेल ही कल्पना मुळातच दुबळी आहे.

त्वचेत लिनोलेइक आम्ल नेमके काय करते, ह्याचे ज्ञान १९८० च्या सुमारास बरेच स्पष्ट झाले. त्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गाने डेल्टा-६-डिसॅच्युरेज ह्या एन्झाइमच्या साहाय्याने त्यापासून गॅमा-लिनोलेनिक आम्ल, त्यापासून डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक आणि शेवटी अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनते. शेवटच्या दोहोंपासून प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. दुसऱ्या मार्गात त्याचे रूपांतर होतच नाही. ते जसेच्या तसे सिरॅमाइड जातीच्या लांब रेणूंना जोडले जाते, आणि हे रेणू त्वचेच्या वरच्या थरातील जलरोधक पडदा बांधतात. अभावात लिनोलेइकच्या जागी ओलेइक आम्ल बसते आणि पडदा गळू लागतो. पीटर एलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखविले की प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून धरली तरी लिनोलेइक आम्ल अभावग्रस्त प्राण्याची त्वचा दुरुस्त करते. कोलंबाइन वनस्पतीच्या बियांत आढळणाऱ्या, प्रोस्टाग्लँडिनांत रूपांतर होऊ न शकणाऱ्या कोलंबिनिक आम्लानेही उंदराची त्वचा सुधारते, हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे १९२९ च्या उंदराच्या शेपटीचा खुलासा मुख्यतः दुसऱ्या मार्गात आहे.

नेमक्या ह्याच वेळी इसबाच्या चर्चेने पहिला मार्ग धरला. मेहर मंकू, डेव्हिड हॉरोबिन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८२ मध्ये मांडले की अ‍ॅटोपिक रुग्णांच्या रक्तात लिनोलेइक आम्ल कमी नसून उलट काहीसे अधिक आहे. त्यापासून बनणारी पुढची आम्ले मात्र कमी आहेत. तेव्हा दोष डेल्टा-६-डिसॅच्युरेजच्या कार्यात असावा, आणि ती पायरी टाळून गॅमा-लिनोलेनिक आम्ल थेट दिले तर इसब सुधारावा. ही उपपत्ती नीट मांडलेली आणि खोटी ठरविता येण्याजोगी होती. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. माझा आक्षेप तिच्या वंशावळीवर आहे. बर ह्यांचा उंदीर आणि हॅन्सन ह्यांची मुले ह्यांचा दाखला ह्या उपपत्तीच्या प्रस्तावनेत पूर्वज म्हणून येत राहिला. परंतु पूर्वजाच्या शरीरात लिनोलेइक आम्ल नाही, आणि वंशजाच्या रक्तात ते भरपूर आहे. येथे प्रतियोगी गॅमा-लिनोलेनिक आम्ल, अधिकरण रक्तरस. आणि एन्झाइमचा जो ‘अभाव’ म्हटला तो तर प्रत्यक्ष मोजलेलाही नव्हता. पूर्वद्रव्य व उत्तरद्रव्य ह्यांच्या प्रमाणावरून तो अनुमानिलेला होता. एकाच शब्दाच्या पुलावरून तीन भिन्न अभाव एका काठावरून दुसऱ्या काठावर गेले.

मराठीला येथे एक सोय होती, ती आपण वापरली नाही. आहारात नसणे ह्यास ‘अभाव’, रक्तात प्रमाणाने कमी असणे ह्यास ‘न्यूनता’, आणि एन्झाइमच्या कार्यातील दोषास ‘वैगुण्य’ असे तीन शब्द आपल्याजवळ तयार आहेत. तिन्ही वापरले तर वरील युक्तिवादातील सांधा वाक्य लिहितानाच उघडा पडतो : ‘उंदरात लिनोलेइक आम्लाच्या अभावाने त्वचाविकार होतो, म्हणून डिसॅच्युरेजच्या वैगुण्याने इसब होतो’ हे वाक्य मराठी विद्यार्थ्याच्या लेखणीतून सहजासहजी उतरणार नाही. तिन्ही ठिकाणी ‘कमतरता’ हा एकच शब्द घालून आपल्या आरोग्यविषयक लेखनाने ती सोय घालविली.

ह्या शब्दव्यवहाराची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. ईव्हनिंग प्रिमरोझच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल सुमारे आठ ते दहा टक्के असते. (ही वनस्पती प्रिमरोझच्या कुळातली नव्हे, हे आणखी एक नाव.) राइट आणि बर्टन ह्यांच्या १९८२ च्या चाचणीत काही सुधारणा आढळली, १९८५ मध्ये बॅमफोर्ड व सहकाऱ्यांना १२३ रुग्णांत ती आढळली नाही. १९८९ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण तेलाच्या बाजूने गेले, पण त्याच्या लेखकांत हॉरोबिन स्वतः होते. ब्रिटनमध्ये हे तेल एपोगॅम ह्या नावाने इसबाचे औषध म्हणून मान्यता पावून विकले जात होते. परिणामकारकतेचा पुरावा पुरेसा नाही म्हणून ती मान्यता २००२ मध्ये काढून घेण्यात आली. २०१३ मधील कॉक्रेन समीक्षेने २७ अभ्यास आणि १५९६ रुग्ण ह्यांचा आढावा घेऊन प्रिमरोझ आणि बोरेज ही दोन्ही तेले औषधी गुण नसलेल्या कुप्यांहून सरस नाहीत असा निष्कर्ष काढला. वीस वर्षे असंख्य आयांनी खाजेने न झोपणाऱ्या मुलांना त्या कुप्या दिल्या. त्यांना कोणी जाणूनबुजून फसविले असे म्हणण्यास आधार नाही; परंतु ‘आवश्यक मेदाम्लाची कमतरता’ हे शब्द वाचल्यावर कोणती आई हात आखडता घेईल? ‘आवश्यक’ ह्याचा जीवरसायनातील अर्थ ‘शरीर स्वतः बनवू शकत नाही, आहारातूनच मिळावे लागते’ एवढाच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘जितके अधिक तितके बरे’ असा होतो. काही काळ ह्याच आम्लांना ‘व्हिटॅमिन एफ’ म्हणत. शास्त्राने ते नाव केव्हाच टाकले, तरी सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर ते टिकून राहिले. मराठीत ‘आहारलभ्य मेदाम्ल’ अशी संज्ञा रूढ करता येईल. ती कानाला गोड नाही, पण ती औषध विकत नाही.

हॉरोबिन ह्यांच्या उपपत्तीची प्राण्यात खरी परीक्षा झाली ती २००९ मध्ये. इलिनॉय विद्यापीठातील मनाबू नाकामुरा ह्यांच्या गटाने डेल्टा-६-डिसॅच्युरेजचे जनुक निकामी केलेले लहान उंदीर तयार केले. ह्या उंदरांना लिनोलेइक आम्ल भरपूर दिले, पुढची आम्ले दिली नाहीत. अनपेक्षितपणे त्या सर्वांच्या त्वचेवर व्रण पडले. आतड्यांतही व्रण झाले. नरांत शुक्रजंतू नीट बनेनात. अ‍ॅराकिडोनिक आम्ल दिले असता त्वचेचे व आतड्यांचे व्रण पूर्णपणे टळले. येथे लेखकांनी आपल्या प्राण्याचे काम शब्दांत फार चांगले बांधून घेतले आहे : लिनोलेइक आम्लाचे कार्य आणि त्यापासून पुढे बनणाऱ्या आम्लांचे कार्य वेगवेगळे ओळखण्याचे हे साधन. हा इसबाचा उंदीर आहे असे ते म्हणत नाहीत. पहिल्या मार्गातील वैगुण्यानेही त्वचा बिघडू शकते हे ह्या प्रयोगाने सिद्ध होते, आणि हॉरोबिन ह्यांच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे. परंतु आतड्याच्या व्रणांसह येणारा, वंध्य नरांचा हा विकार दवाखान्यातील मुलाच्या कोपराच्या लवणीत दिसत नाही. तेथील वारसा शोधू गेले तर २००६ मध्ये डंडी येथील गटाने दाखविलेले फिलॅग्रिन ह्या प्रथिनाच्या जनुकातील दोष अधिक जवळचे ठरतात. आणि ते मेदाम्लांच्या चयापचयाचे नव्हेत.

आता ‘नमुना’. ‘अ‍ॅनिमल मॉडेल’ ह्यास आपण ‘प्राणी-नमुना’ म्हणतो. बाजारात धान्याच्या पोत्यातून मूठभर काढून दाखवितात तो नमुना. मूठ आणि पोते ह्यांतील धान्य एकच असते. नमुना पाहून पोते विकत घेणे योग्य, कारण तो पोत्याचाच अंश आहे. उंदराचा रोग माणसाच्या रोगाचा अंश नव्हे. फार तर तो काही अंगांनी त्याच्यासारखा आहे. संस्कृत अलंकारशास्त्राने उपमा आणि रूपक ह्यांत जो भेद केला तो येथे लागू पडतो. उपमेत साधारणधर्म सांगावा लागतो, रूपकात तो गिळला जातो. ‘इसबासारखा’ म्हणणाऱ्या निबंधाने कोणत्या धर्माने सारखा हे सांगितले पाहिजे : जलरोधक पडदा गळतो म्हणून, प्राणी खाजवतो म्हणून, की पेशींची जमवाजमव तशीच दिसते म्हणून? शीर्षकात ‘सदृश’ असते, प्रस्तावनेत ते क्षीण होते, आणि चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात केवळ ‘इसब’ उरतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने असा कोणताही निबंध घेऊन ‘सदृश’ हा शब्द कोणत्या पानावर अंतर्धान पावतो ते शोधावे. मोठा बोधप्रद व्यायाम आहे. ‘नमुना’ ऐवजी ‘प्रतिमान’ म्हटल्याने हा दोष आपोआप जाणार नाही, पण प्रतिमान कशाचे आणि कोणत्या बाबतीत, हा प्रश्न तरी जवळ येईल.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. केसरहित लहान उंदरांना एक विशिष्ट खाद्य दिले असता त्यांची त्वचा कोरडी पडते, पाण्याची गळती वाढते आणि ते खाजवू लागतात, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या खाद्याचे नाव एचआर-एडी. म्हणजे अ‍ॅटोपिक त्वचादाहाची इंग्रजी आद्याक्षरे खाद्याच्या नावातच आली, आणि विकाराचे वर्णनही अ‍ॅटोपिक त्वचादाहसदृश असेच करण्यात आले. खाद्यात नेमके काय कमी आहे ह्याचा शोध त्यानंतर सुरू झाला. मॅग्नेशियमची चर्चा झाली. पुढील दहा वर्षांत त्याच गटाने मुख्य कारण दाखवून दिले, आणि हे श्रेय त्यांना दिले पाहिजे : ओमेगा-६ वर्गातील असंपृक्त मेदाम्लांचा खाद्यातील अभाव. प्रतियोगी लिनोलेइक आम्लाचा वर्ग, अधिकरण उंदराचे खाद्य. बर दांपत्याने १९२९ मध्ये वर्णिलेला प्राणी नव्या नावाने पुन्हा पिंजऱ्यात आला होता. खाद्याचे नाव बदललेले नाही.